प्रेशरच्या टाकीत वरचं सॅम्पल वेगळं, खालचं वेगळं : आरपीएम वाढवायच्या आधी हे वाचा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुपवाड एमआयडीसीतल्या एका युनिटात ५ हजार लिटरची एसएस ३१६ ची उभी टाकी, व्यास १.६ मीटर, लिक्विड भरतं साधारण २.४ मीटर उंचीपर्यंत, वर ४ बार नायट्रोजन. वरून ॲजिटेटर म्हंजे मोटरवर चालणारी ढवळणी, तिच्या शाफ्टला तळाजवळ एकच इम्पेलर म्हंजे पात्यांचा पंखा, ७२ आरपीएम म्हंजे मिनिटाला ७२ फेरे. आत बॅफल म्हंजे भिंतीलगतच्या उभ्या पट्ट्या नाहीत. दोन लिक्विड मिसळायची, हलकं वरून ओततात, आणि रात्रभर फिरवूनही सकाळी वरचं सॅम्पल आणि खालचं सॅम्पल जुळत नाही. त्यात मेकॅनिकल सील, म्हंजे शाफ्ट आत जातो ती जागा बंद ठेवणारा भाग, सारखं गळतंय. साहेब म्हणतात व्हीएफडी म्हंजे मोटरचा स्पीड बदलणारं यंत्र लावा आणि स्पीड दुप्पट करा. विचारणारे भाऊ म्हणतात, करू का?

नका करू. म्हंजे लगेच तरी नका करू. शिरवळपासून मिरजेपर्यंत जिथं जिथं असल्या टाक्या बघितल्या तिथं पहिला उपाय स्पीड वाढवायचाच सुचवला जातो, कारण तो सगळ्यात सोपा दिसतो, आणि सील जायचा वेग पण त्यानंच वाढतो. आधी हे ठरवा की तुमचं लिक्विड मिसळतच नाहीये, का मिसळून परत वेगळं होतंय, का मिसळलंय आणि सॅम्पलच खोटं बोलतंय. तिन्हीचा इलाज वेगवेगळा आहे.

एक गैरसमज आधी काढून टाकू. प्रेशरमुळं मिसळणं अवघड होतं असं बऱ्याच जणांना वाटतं. लिक्विड दाबलं जात नाही, ४ बार काय किंवा १५ बार काय, त्याची घनता आणि घट्टपणा जवळपास तोच राहतो, त्यामुळं आतला इम्पेलर उघड्या टाकीत जसं ढवळतो तसंच इथंही ढवळतो. प्रेशरनं जो त्रास होतो तो बाकीच्या गोष्टीत: शाफ्ट जिथून आत जातो ते भोक बंद ठेवणं, आत डोकावून बघता न येणं, सॅम्पल काढताना उडून जाणं, गॅस लिक्विडमध्ये विरघळणं, आणि टाकीवर मनाला येईल तिथं वेल्डिंग करता न येणं. मिसळायचं गणित तेच, भोवतीची अडचण वेगळी.

आता दोन लिक्विड एकमेकांत पूर्ण विरघळणारी असतील, म्हंजे बाटलीत हलवली की पारदर्शक एकच लिक्विड होतं आणि दोन दिवस ठेवलं तरी तसंच राहतं, तर एकदा नीट मिसळलं की ते आपोआप परत वेगळं होत नाही. जड खाली बसेल, हलकं वर येईल असं होत नाही, एकदा विरघळलं म्हंजे विरघळलं. अशा मालाला रात्रभर ढवळत ठेवायची गरजच नाही. फक्त थंडीनं किंवा प्रमाण बदलल्यानं विरघळायची हद्द ओलांडली तर भाग सुटू शकतो, ते वेगळं. म्हणून पहिलं काम लॅबमध्ये करा, तुमच्याच प्रमाणात, टाकीच्याच तापमानाला, काचेच्या बंद बाटलीत. प्रेशरखाली उकळणारं काही असेल तर साध्या बाटलीत करू नका, प्रेशरची काचेची ट्यूब मिळते तिच्यात करा आणि पुढं शील्ड ठेवा.

बाटलीत एकजीव होतंय आणि टाकीत होत नाही, तर मग थर पडलेत. हे भरताना होतं. काकवीवर हळूच पाणी ओता, वर तसंच राहतं की नाही, तसं. हलकं लिक्विड वरून शांतपणे पडलं की वरच पसरतं आणि जडाच्या डोक्यावर बसून राहतं. मग ते आपोआप मिसळेल का, तर मिसळेल, पण नुसत्या रेणूंच्या हालचालीनं १ मीटर अंतर कापायला लागणारा वेळ काढला तर तो ३० वर्षांच्या आसपास येतो. पातळ लिक्विडमध्ये डिफ्यूजनचा आकडा सेकंदाला १० चा उणे ९ घात चौरस मीटर इतका बारीक असतो, १ मीटरच्या वर्गाला त्यानं भागा आणि बघा. त्यामुळं 'ठेवलं की होतंय हळूहळू' हे विसरा. ५० टक्के कॉस्टिक सोड्याची घनता १.५२ च्या घरात, पाण्याची १. असला फरक असेल तर थर दिवसेंदिवस तसाच उभा राहतो.

आता तुमच्या टाकीचा हिशेब करू, कारण आकडे मांडले की साहेबांशी बोलायला बरं पडतं. इम्पेलर ४५ अंशाच्या चार पात्यांचा, व्यास टाकीच्या एक तृतीयांश, म्हंजे ५३ सेंटीमीटर धरतो. पाण्यासारखं पातळ लिक्विड, बॅफल असलेली टाकी आणि लिक्विडची उंची व्यासाइतकी, असं असेल तर ९५ टक्के एकसारखं व्हायला इम्पेलरचे साधारण ४३ फेरे लागतात. ७२ आरपीएमला ४३ फेरे म्हंजे ३६ सेकंद. बरोबर वाचलंत, ३६ सेकंद. तुमची उंची दीडपट आहे म्हणून तिप्पट धरा, चौपट धरा, तरी अडीच मिनिटं. अडीच मिनिटांचं काम रात्रभरात होत नसेल तर स्पीड दुप्पट करून ते सव्वा मिनिटाचं केल्यानं काय फरक पडणार?

पॉवरचंही बघा. त्याच इम्पेलरला ७२ आरपीएमला पाण्यात लागते फक्त ९० वॅटच्या आसपास. तुमच्या गिअरबॉक्सवर बहुतेक ५ एचपीची मोटर असेल. स्पीड दुप्पट केला की पॉवर आठपट होते, तरीही पाऊण किलोवॅटच्या आतच, त्यामुळं मोटर काही कुरकुर करणार नाही आणि सगळ्यांना वाटणार जमलं. पण शाफ्टवरचा आडवा धक्का चौपट होतो, लांब शाफ्ट खाली झोकांड्या खातो, आणि ती झोकांडी वर सीलच्या घासणाऱ्या तोंडांवर जाऊन बसते. शिवाय शाफ्टचा क्रिटिकल स्पीड, म्हंजे ज्या स्पीडला शाफ्ट जोरात थरथरायला लागतो तो, कुठं आहे ते ड्रॉइंगवर बघितल्याशिवाय व्हीएफडीचं बटण फिरवणं म्हंजे उगाच विषाची परीक्षा.

मग तुमच्याकडं नेमकं काय चुकतंय? मला तीन गोष्टी दिसतात, आणि तिन्ही एकदम आहेत.

बॅफल नाहीत ही पहिली. बॅफल नसले की पातळ लिक्विड इम्पेलरबरोबर गोल गोल फिरतं नुसतं, वरखाली होत नाही. वरचा थर वर फिरतो, खालचा खाली फिरतो, दोघांची गाठच पडत नाही. वर मधोमध खड्डा पडतो आणि तो खोल गेला की नायट्रोजन आत ओढला जातो, मग प्रेशर सोडलं की लिक्विड सोड्यासारखं फसफसतं आणि लेव्हल उगाच वर दिसते. उघड्या टाकीत हे डोळ्यानं दिसतं, बंद टाकीत साईट ग्लासला टॉर्च लावून बघावं लागतं, आणि कितीतरी ठिकाणी ती साईट ग्लास इतकी मळलेली असते की आत काय चाललंय देवाला ठाऊक. साधारण चार बॅफल, रुंदी टाकीच्या व्यासाच्या दहाव्या ते बाराव्या भागाएवढी, तुमच्यात १३ ते १६ सेंटीमीटर, भिंतीपासून थोडी फट सोडून.

पण थांबा, लगेच वेल्डरला हाक मारू नका. ही प्रेशर व्हेसल आहे. शेलवर आतून असो की बाहेरून, डिझाईन कोडप्रमाणं बांधलेल्या टाकीवर वेल्डिंग केलं की डिझाईन परत तपासणं, वेल्ड तपासणं, हायड्रो टेस्ट म्हंजे पाण्याच्या दाबाची चाचणी, सक्षम व्यक्तीचं सर्टिफिकेट, हे सगळं आलं. जुन्या फॅक्टरी ॲक्टचं कलम ३१ प्रेशर प्लांटसाठीच होतं, नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या लेबर कोडनं घेतलीय. आणि १ हजार लिटरपेक्षा मोठ्या टाकीत दाबाखालचा गॅस, म्हंजे एलपीजी, अमोनिया असलं काही असेल तर २०१६ चे एसएमपीव्ही म्हंजे गॅसच्या प्रेशर व्हेसलचे नियम लागतात आणि प्रकरण नागपूरच्या पेसोकडं, म्हंजे स्फोटकं आणि धोकादायक मालाच्या केंद्र सरकारी खात्याकडं जातं. आत आधीपासून लावलेल्या क्लिपा असतील तर त्यावर बोल्टनं बसणारे बॅफल करता येतात, किंवा मॅनहोलमधून तुकड्यातुकड्यानं आत नेऊन जोडायचा पिंजरा. आत उतरायचं म्हंजे नायट्रोजनची टाकी आहे हे विसरायचं नाही. लाईनला नुसता व्हॉल्व बंद करून नाही, स्पेड म्हंजे पाईप अडवणारी चकती घालून तोडायची, हवा मारून ऑक्सिजन मोजायचा, परमिट काढायचं, बाहेर माणूस उभा. नायट्रोजनला वास नाही, गुदमरायला लागलंय हे माणसाला कळतसुद्धा नाही, दोन श्वासात खाली पडतो. आणि त्याला काढायला दुसरा तसाच आत उतरतो, हे वारंवार होतं.

दुसरी गोष्ट, इम्पेलर एकच आणि तोही तळाला. लिक्विडची उंची व्यासाच्या सव्वापटीच्या वर गेली की दुसरा इम्पेलर लागतो असा साधा ठोकताळा आहे. तुमची दीडपट आहे. खालचा आपल्या भागात भोवरा करून बसतो, वरच्या पाऊण मीटरला त्याचा पत्ताच नसतो. त्याच शाफ्टवर वर एक इम्पेलर चढवणं शक्य असतं, पॉवर तर भरपूर शिल्लक आहे, पण शाफ्टचं वाकणं आणि क्रिटिकल स्पीड बनवणाऱ्याकडून तपासून घ्या. हायड्रोफॉईल टाईप, म्हंजे विमानाच्या पंखासारख्या वळणदार पात्यांचा, घेतला तर पॉवरचा आकडा साध्या तिरक्या पात्यांच्या (पिच्ड ब्लेडच्या) चौथाईवर येतो, शाफ्टला हलकं पडतं. आणि स्प्लिट हब, म्हंजे दोन तुकड्यांत उघडणारा मधला भाग, मागा, नाहीतर बसवायला अख्खा शाफ्ट बाहेर काढावा लागेल.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात मोठी, आणि तिच्यावर खर्च सगळ्यात कमी. हलकं लिक्विड वरून सोडता. उलटं करा. हलकं तळाशी, इम्पेलरजवळ सोडा, जड वरून सोडा. जड खाली जाताना आणि हलकं वर येताना निम्मं काम तेच करतं. त्यासाठी डिप पाईप म्हंजे लिक्विडात तळापर्यंत बुडणारा पाईप लागतो, आणि प्रेशरच्या टाकीत डिप पाईप घालताना एक खुबी आहे: फीड पंप बंद पडला की टाकीतलं ४ बार लिक्विडला त्याच पाईपमधून मागं ढकलतं, थेट तुमच्या ड्रमपर्यंत. म्हणून एनआरव्ही, म्हंजे एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व, तर हवाच, पण नुसत्या एनआरव्हीवर विसंबू नका, सोबत शटऑफ व्हॉल्व, आणि पाईपला वरच्या गॅसच्या भागात एक छोटं भोक म्हंजे सायफन तुटतो. सॉल्व्हंट पेट घेणारं असेल तर डिप पाईपचा अजून एक फायदा, वरून धबधब्यासारखं पडून स्टॅटिक तयार होत नाही. पाईपचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला १ मीटरच्या आत ठेवायचा आणि अर्थिंग बघून घ्यायचं.

याहून सोपं म्हंजे टाकीत जायच्या आधीच मिसळा. दोन्ही लाईन एकत्र आणा, दोन फ्लो मीटर, प्रमाण ठरवून दोन्ही एकदम सोडा, आणि पुढं पाईपमध्ये एक स्टॅटिक मिक्सर. आत नुसत्या पिळलेल्या पट्ट्या असतात, फिरणारं काही नाही, सील नाही, मोटर नाही. टाकीत पडतानाच माल एकजीव. विरघळणाऱ्या पातळ लिक्विडला माझी पहिली पसंती कायम हीच, पण ह्यात दिसायला काही नाही म्हणून लोकांना ते पटत नाही. मोठा गिअरबॉक्स गरगरताना दिसला की कसं बरं वाटतं. मात्र दोन्ही एकत्र आल्यावर उष्णता निघत असेल, ॲसिडसारखं, तर आधी ती किती निघते ते काढा आणि मगच असलं काही करा.

आता पंपाचा मार्ग. टाकी जुनी असेल, बॅफल घालायची सोय नसेल, सीलनं जीव खाल्ला असेल, तर ॲजिटेटर बाजूला ठेवून पंपानं फिरवता येतं. तळातून घ्यायचं, परत टाकीत सोडायचं, पण परतीच्या पाईपच्या टोकाला एडक्टर नोझल लावायचा. एडक्टर म्हंजे असा नोझल की त्यातून जोरात निघणारं लिक्विड शेजारचं लिक्विड ओढून घेतं, पंपाच्या १ लिटरमागं साधारण ३-४ लिटर जास्तीचं. नोझलवर एकदोन बारचा फरक मिळाला पाहिजे. तोंड असं ठेवा की झोत तळाकडून तिरका वर, टाकीच्या आरपार, लांबात लांब रस्त्यानं जाईल आणि वरचा थर फोडेल. नुसता उघडा पाईप सक्शनच्या शेजारी आणून सोडलेला मी कितीतरी ठिकाणी बघितलाय, तेच लिक्विड तिथल्या तिथं फिरतं आणि बाकीची टाकी झोपलेली.

वेळेचा अंदाज असा धरायचा. ५ हजार लिटरला तासाला १५ घनमीटरचा पंप म्हंजे २० मिनिटांत एक उलाढाल. पण एका उलाढालीत सगळं लिक्विड पंपातून जात नाही, सगळं मनासारखं मिसळत असेल असं धरलं तरी ३७ टक्के लिक्विड अजून पंपापर्यंत पोचलेलंच नसतं. तीन उलाढालींनी ते ५ टक्क्यांवर येतं. म्हणून तासभर तरी चालवा. इम्पेलरशी तुलना केली तर पंप फारच मवाळ आहे, तुमचा तो ५३ सेंटीमीटरचा इम्पेलर ७२ आरपीएमला तासाला पावणेपाचशे घनमीटरच्या आसपास लिक्विड ढकलतो. पण पंपाचं सील बदलायला दोन व्हॉल्व बंद केले, पंप ड्रेन केला की झालं, अख्ख्या टाकीचं प्रेशर सोडावं लागत नाही. ज्यानं रात्री दोनला टाकीच्या गोल डोक्यावर (डिश एन्डवर) चढून सील बदललंय त्याला याची किंमत विचारा.

पंप घेताना एक चूक सगळे करतात. टाकी ४ बारला आहे म्हणून ७-८ बार हेडचा, म्हंजे तेवढा दाब वाढवणारा, पंप मागवतात. अहो, पंप त्याच टाकीतून घेतोय आणि त्याच टाकीत सोडतोय, टाकीचं प्रेशर दोन्ही बाजूला सारखंच, ते आपसात उडून जातं. पंपाला फक्त पाईपचं घर्षण आणि नोझलचा फरक, एवढंच द्यायचंय, २-३ बार पुरतं. मात्र केसिंग टाकीचं प्रेशर अधिक पंपाचं बंद व्हॉल्ववरचं हेड एवढं सहन करणारं पाहिजे, आणि सीलला सक्शनपासूनच ४ बार लागणार हे ऑर्डरमध्ये स्पष्ट लिहा, पंपाच्या बेअरिंगवरचा शाफ्टच्या दिशेनं येणारा (ॲक्शियल) लोडसुद्धा त्यानं बदलतो. किर्लोस्करवाडी आपल्या जिल्ह्यात १९१० पासून आहे, पंपाची जाण असलेली माणसं पलूस-सांगलीकडं कमी नाहीत, पण सक्शन प्रेशर किती हे तुम्हीच सांगितलं नाही तर तो बिचारा शून्यच धरणार.

एनपीएसएचचं, म्हंजे सक्शनला लिक्विड उकळू नये म्हणून लागणाऱ्या शिल्लक दाबाचं पण बघा. वर नायट्रोजन आहे आणि लिक्विड गार आहे तर सक्शनला ४ बारचा फुकट फायदा मिळतो. पण टाकीतलं प्रेशर त्याच लिक्विडच्या वाफेचं असेल, एलपीजी किंवा अमोनियासारखं, तर हा फायदा शून्य, तिथं लिक्विड कायम उकळायच्या काठावर असतं आणि फक्त उंची कामाला येते.

नायट्रोजनचे बुडबुडे सोडून ढवळू का, असंही कोणी ना कोणी विचारतंच. साध्या उघड्या टाकीत चालतं. प्रेशरच्या टाकीत बुडबुडा दाबला जातो, गेजवर ४ बार म्हंजे हवेचा १ बार धरून एकूण ५ बारला त्याचं आकारमान एक पंचमांश. उघड्या टाकीइतकं ढवळायला पाचपट नायट्रोजन लागणार, तो सगळा प्रेशर कंट्रोल व्हॉल्वमधून बाहेर सोडावा लागणार आणि सोबत तुमचं सॉल्व्हंट पण वाफेनं जाणार. बिल बघून साहेबच बंद करतील.

आता सुरुवातीच्या बाटलीच्या चाचणीतला दुसरा प्रकार, हलवलं तर दुधाळ होतं आणि थोड्या वेळानं दोन भाग होतात. म्हंजे ते विरघळत नाही, इमल्शन आहे. इथं मात्र सतत ढवळावं लागतं, माल काढून होईपर्यंत. थेंब जेवढा मोठा तेवढा पटकन वर जातो किंवा खाली बसतो, आणि वेग थेंबाच्या व्यासाच्या वर्गानं वाढतो, म्हंजे थेंब निम्मा केला तर वेगळं व्हायला चौपट वेळ. म्हणून थोडं जोरात ढवळलं की फायदा होतो, पण फार जोर केला की इतकं घट्ट इमल्शन होतं की पुढं वेगळं करायचं असेल तेव्हा होत नाही. पुढच्या स्टेपला काय हवंय ते आधी विचारा.

तुमच्या प्रश्नात नाही, पण अजून एक प्रकार असतो, पावडर किंवा बारीक खडे असलेला. तिथं तळावरचा कण उचलला जाईल एवढा स्पीड हा खरा निकष, त्याचं सूत्र झ्वीटरिंगनं १९५८ ला मांडलं ते आजही वापरतात. इम्पेलर तळाच्या जवळ ठेवावा लागतो. आणि लाईट जाऊन बंद पडलं की खडे इम्पेलरवर बसतात, परत चालू करताना मोटर ट्रिप होते किंवा शाफ्ट पिळतो. जनरेटरवर पहिल्या मिनिटात काय घ्यायचं त्या यादीत तुमचा ॲजिटेटर आहे का बघा, बहुतेक ठिकाणी एसी असतो आणि तो नसतो.

आणि एक बारीक पण महत्त्वाचं. टाकीत लिक्विडच्या वर जी वाफ आहे तिचं प्रमाण सहसा लिक्विडसारखं नसतं, कितीही ढवळा. हलका घटक वाफेत जास्त असतो. एसी-फ्रीजचं काम करणारी पोरं ४०७सी या मिश्र गॅसच्या सिलिंडरमधून लिक्विडनंच चार्ज करतात ते यासाठीच, गॅसनं केलं तर प्रमाण बिघडतं. तुमच्या टाकीतही वेंट जास्त झाला तर उरलेल्या लिक्विडचं प्रमाण हळूहळू सरकतं आणि दोष ढवळण्याला लागतो.

आता सॅम्पलकडं येऊ, कारण मला खरंतर पहिला संशय तिथंच आहे. खालचं सॅम्पल कुठून काढता? तळाच्या नोझलमधून ना? ८० एमएमचा नोझल, ३० सेंटीमीटर लांब, त्यात दीडएक लिटर लिक्विड अडकून बसतं आणि ते ढवळलं जातच नाही, आधीच्या बॅचचं किंवा भरताना गेलेलं जड लिक्विड तिथं तसंच असतं. पाचसात लिटर काढून परत टाकीत घाला आणि मग सॅम्पल घ्या. फ्लश बॉटम व्हॉल्व, म्हंजे तळाशी सपाट बसणारा, बसवला तर हा प्रश्नच मिटतो. लेव्हल गेजच्या नळीत पण असंच जुनं लिक्विड बसतं आणि लेव्हल चुकते. वरचं सॅम्पल ४ बारवरून उघड्या बाटलीत घेतलं की हलकं उडून जातं आणि बाटलीत उरतं ते जास्त जड. बंद सॅम्पल सिलिंडर वापरा, थंड करून उघडा. वर, मधे, खाली असे तीन, दर पंधरा मिनिटांनी. घनता मोजा, नाहीतर रिफ्रॅक्टोमीटर. साखर कारखान्यात काम केलेल्या कुणाला पण विचारा, ब्रिक्स म्हंजे रसातली साखर बघायचं ते यंत्र हेच, दोन थेंबांत उत्तर मिळतं. पंपाची लाईन असेल तर तिच्यावर कोरिओलिस मीटर लावला की घनता सारखी स्क्रीनवर दिसते, रेघ सपाट झाली की मिसळलं.

सीलचं सांगतो. ४ बारची आणि सॉल्व्हंटची टाकी असेल तर डबल सीलच पाहिजे, दोन सीलच्या मधलं बॅरिअर लिक्विड टाकीपेक्षा दीडदोन बार जास्त प्रेशरला, म्हंजे तुमच्याकडं साडेपाच-सहा बार. असं असलं की गळती झालीच तर बॅरिअरची आत होते, मालाची बाहेर नाही, म्हणून बॅरिअर लिक्विड मालाला चालणारं निवडा. मी जिथं जिथं सील वारंवार जाताना बघितलं तिथं बहुतेकदा सील पॉटचा, म्हंजे बॅरिअर लिक्विडच्या छोट्या टाकीचा, नायट्रोजन सिलिंडर संपलेला आणि कुणाचं लक्ष नाही, किंवा मग टाकी रिकामी करताना ॲजिटेटर तसाच चालू. लेव्हल इम्पेलरच्या उंचीला आली की पाती अर्धी लिक्विडात अर्धी गॅसमध्ये आपटतात, शाफ्ट पिसाटल्यासारखा हलतो, सीलचा निकाल तिथंच लागतो. लो लेव्हलला ट्रिप लावा, खर्च काहीच नाही. सील पॉटची लेव्हल दर शिफ्टला वहीत लिहा, ती उतरायला लागली की सील सांगतंय मी चाललो.

शेवटी धोक्याचं. तुमच्या टाकीत नुसतं मिसळणं आहे का काही रिॲक्शन, पातळ करताना उष्णता निघते का, हे प्रश्नात नाही. असेल तर थर पडणं हा क्वालिटीचा नाही, जिवाचा प्रश्न आहे. दोन थर शांत बसलेत, तुम्ही स्पीड वाढवला किंवा बंद पडलेला ॲजिटेटर परत चालू केला, आणि सगळं एकदम मिसळून सगळी उष्णता एकदम निघाली, तर बंद टाकीत ती प्रेशर होऊन बाहेर येते. इटलीत सेवेसोजवळ १० जुलै १९७६ ला रिॲक्टरचा अपघात झाला तेव्हा बॅच अर्धवट सोडून ढवळणं बंद केलेलं होतं, गरम भिंतीनं वरचा थर तापत गेला आणि रिॲक्शन हाताबाहेर गेली, जास्त दाबाला फुटण्यासाठीच लावलेली रप्चर डिस्क फुटून विषारी डायॉक्सिन गावावर पडलं. त्याच देशात ला स्पेझियाला १९७१ साली एलएनजीच्या टाकीत जड माल खालून भरला, थर पडले, काही तासांनी ते आपोआप उलटेपालटे होऊन प्रचंड वाफ निघाली. तिथं तर रिॲक्शन पण नव्हती.

म्हणून डोसिंग चालू असताना ढवळणं थांबलं की डोसिंग आपोआप थांबलं पाहिजे. आणि हे इंटरलॉक, म्हंजे आपोआप थांबवायची सोय, मोटरच्या कॉन्टॅक्टरवरून (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचवरून) घेऊ नका, कपलिंग तुटलं किंवा इम्पेलर गळून पडला तरी कॉन्टॅक्टर चालूच दाखवतो. शाफ्टवर स्पीड सेन्सर आणि मोटरचे अँपिअर, दोन्ही बघा. थांबलेला ॲजिटेटर परत सुरू करायच्या आधी तापमान बघा, वरखाली सॅम्पल घ्या, कूलिंग चालू आहे याची खात्री करा, मग क्षणभर फिरवून थांबा, तापमान बघा, परत फिरवा. ॲसिड पातळ करायचं असेल तर ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, आणि तेही चालू ढवळणीत.

थंडीचं एक राहिलं. ५० टक्के कॉस्टिक १२ अंशांच्या आसपास गोठायला लागतं. डिसेंबर-जानेवारीत वाई-सातारा पट्ट्यात पहाटे पारा तिथवर उतरतो, सांगलीकडं जरा कमी वेळा. डिप पाईप आणि तळाच्या नोझलला इन्सुलेशन नसेल तर सकाळी पहिल्या शिफ्टला ढवळणं बरोबर असूनही खालून काही येत नाही आणि मग लोक हातोडी घेतात. ट्रेसिंग म्हंजे पाईप गरम ठेवायची सोय लावा, हातोडी नको.

तर तुमच्या जागी मी आधी नोझल फ्लश करून तीन जागचं सॅम्पल घेईन, मग हलकं तळातून सोडून एक बॅच बघीन. एवढ्यानंच भागलं तर बॅफल आणि दुसरा इम्पेलर पुढच्या शटडाऊनला ढकला. नाही भागलं तर दोन्ही लिक्विडची नावं, घनता, घट्टपणा, मिसळताना तापमान किती वाढतं, टाकीचं ड्रॉइंग आणि सीलचा प्लॅन नंबर (त्याच्या पाईपिंगची मांडणी सांगणारा) एवढं टाका, मग एडक्टर की दुसरा इम्पेलर ते आकड्यांत सांगता येईल. तोवर व्हीएफडीची ऑर्डर थांबवा.